पुढे काय झालं?

ऑगस्ट 2024 मध्ये जन्माष्टमीला बडोद्यात पावसाने जोर धरला आणि दुसऱ्या दिवशी शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी 37 फुटांवर गेली. आम्ही कारेलीबागेत राहतो. इमारतीच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं, वीज गेलेली, नळ कोरडे. दूध, पिण्याचं पाणी आणि सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, एवढ्याच तीन गोष्टींच्या विवंचनेत आमचे तीन दिवस गेले. मोबाइलमध्ये जीव होता तोवर नातेवाइकांचे फोन येत होते. पुण्याहून मावशीचा आला. तिचं पहिलं वाक्य होतं, "अगं, तुमच्याकडे घरात मगरी शिरल्यात म्हणे! व्हिडिओ असला तर पाठव ना."

मावशीवर रागवावं असं त्यात काही नव्हतं. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी दारोदार फिरून चादरी गोळा करणारी बाई आहे ती. तिला जे दाखवलं गेलं त्याबद्दल तिने विचारलं. आमचा पूर देशाला दिसला तो मगरींमुळे. घराच्या छपरावर पहुडलेली मगर, स्कूटरवर आडवी धरून वन खात्याकडे नेलेली मगर. आणि थोडाफार दिसला तो क्रिकेटपटू राधा यादवमुळे, कारण तिलाही एनडीआरएफच्या जवानांनी पाण्यातून बाहेर काढलं आणि तिने त्यांचे जाहीर आभार मानले. तीन दिवसांत वन खात्याने 24 मगरी पकडल्या, हा आकडा मावशीला पाठ होता. नदीच्या वरच्या अंगाच्या आजवा जलाशयाचं पाणी कधी आणि किती सोडलं, नदीच्या काठावर भराव घालून बांधकामं होऊ कुणी दिली, खालच्या वस्त्यांमधल्या माणसांना कुठे हलवलं, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यापर्यंतही फारसं पोहोचलं नव्हतं, आणि आम्ही तर त्याच पाण्यात उभे होतो.

लोकांना नटनट्यांच्या लग्नांत आणि घटस्फोटांत रस आहे आणि दुष्काळ, पूर, युद्ध यांत नाही, ही तक्रार जुनी आहे. ती ज्या सुरात केली जाते तो सूर मला पटत नाही. बोलणारा नेहमी स्वतःला वगळून बोलतो. उथळ असतात ते बाकीचे. शिवाय माणसाला दुसऱ्या माणसाच्या आयुष्याबद्दल कुतूहल असणं हा दोष नाही. आमच्या दांडिया बाजारच्या वाड्यात संध्याकाळी ओट्यावर बसून आजी आणि तिच्या मैत्रिणी अख्ख्या गल्लीची खबर घेत, आणि त्याच खबरीतून कोणाच्या घरी चूल पेटली नाही हेही कळत असे. कुतूहल आणि कळवळा ही एकाच घरात वाढलेली भावंडं आहेत.

माझं म्हणणं वेगळं आहे. प्रसिद्ध माणसाची बातमी हप्त्याहप्त्याने येते. कुणाचं कुणाशी बिनसलं, मग वकील आले, मग समेटाची चर्चा, मग विमानतळावर दोघं वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडली. प्रत्येक हप्त्याच्या शेवटी "पुढे काय?" असतंच. आपत्तीची बातमी मात्र एकदाच येते, मृतांच्या आकड्यासह, आणि तिथेच संपते. खरं तर आपत्तीतलं सगळं महत्त्वाचं त्यानंतर घडतं. चौकशी होते किंवा होत नाही. भरपाई मिळते किंवा फायलीत अडकते. बंधारा दुरुस्त होतो, किंवा त्यावर रंग मारला जातो. त्या सगळ्या काळात आपण तिथे नसतो, आणि आपण नाही हे ज्यांना कळायला हवं त्यांना बरोबर कळतं.

या शहरानेच याचा एक दाखला दिलेला आहे. 23 जानेवारी 2017 च्या रात्री शाहरुख खान आपल्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी मुंबईहून दिल्लीला राजधानीने निघाला होता. गाडी बडोद्याला काही मिनिटं थांबणार म्हणून फलाटावर अलोट गर्दी झाली. त्या गर्दीत एका माणसाचा जीव गेला, काही जण जखमी झाले. अभिनेत्यावरचा खटला गुजरात उच्च न्यायालयाने रद्द केला आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. बातमी इथवर पोहोचली, कारण तिला त्याचं नाव जोडलेलं होतं. पण रात्रीच्या वेळी त्या फलाटावर एवढी माणसं कशी येऊ दिली, गर्दी आवरण्याची काय व्यवस्था होती आणि त्यानंतर तीत काही बदल झाला का, हे मी आजवर कुणाला विचारताना ऐकलेलं नाही. त्या फलाटावर आम्ही सणासुदीला सामान-मुलांसकट उभे असतो.

लक्ष ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नसली तरी तिच्यावर अन्नधान्य आणि औषधं अवलंबून असतात. हे मोजलंही गेलं आहे. थॉमस आयझेन्से आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1968 ते 2002 या काळातल्या जगभरच्या सुमारे 5,000 नैसर्गिक आपत्ती तपासल्या आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपत्ती ऑलिंपिकच्या दिवसांत ओढवली, तर अमेरिकी दूरचित्रवाणीवर तिची बातमी येण्याची शक्यता घटते, आणि त्यासोबत अमेरिकी सरकारची मदत मिळण्याची शक्यताही घटते. माणसांची गरज तेवढीच, पण कॅमेरे दुसरीकडे वळलेले. त्याच अभ्यासातलं एक गणित माझ्या मनातून जात नाही: ज्वालामुखीत एक माणूस मेला तर बातमी होण्याची जेवढी शक्यता असते, तेवढी शक्यता दुष्काळाच्या बाबतीत निर्माण व्हायला 40,000 माणसं मरावी लागतात. ज्वालामुखी दिसतो, भडकतो. भूक हळूहळू खाते. तिचं चित्र काढता येत नाही.

हे वाचलं तेव्हा मला 1 ऑगस्ट 2024 हा दिवस आठवला. त्या दुपारी पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. आमच्या घरात आनंदीआनंद होता. मुलीने शेजारी पेढे वाटले. खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा मराठी मुलगा, तो आनंद मला आजही खरा वाटतो आणि त्याबद्दल मी कुणाची क्षमा मागणार नाही. त्याच दिवशी सुदानमधल्या अल-फाशेरजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ पडला असल्याचं, अन्नटंचाईचं मोजमाप करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी अधिकृतपणे जाहीर केलं. दुष्काळ हा शब्द तिथे सहजी वापरला जात नाही, त्यासाठी कुपोषणाचे आणि मृत्यूंचे ठरावीक निकष ओलांडावे लागतात. ते ओलांडले गेले होते. मला ही बातमी कळली ती कित्येक महिन्यांनी.

सुदान आपल्यापासून फार दूर आहे, असं म्हणायला निदान गुजरातेत जागा नाही. ओमदुरमान-खार्टूममध्ये सौराष्ट्रातून गेलेली व्यापारी घराणी पिढ्यान् पिढ्या नांदत होती. एप्रिल 2023 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ऑपरेशन कावेरीतून 3,800 हून अधिक भारतीय परत आणले गेले आणि त्यांत गुजरातची कुटुंबंही होती. तेवढे दिवस सुदान आपल्या पडद्यावर होता. आपली माणसं उतरली, हार घातले गेले आणि सुदान विझला. त्यानंतर तिथे एक कोटीहून अधिक लोक घरं सोडून पांगले. या काळात आपल्या पडद्यावर काय काय होतं ते प्रत्येकाने आठवून पाहावं. मला एका भव्य लग्नातल्या पाहुण्यांची नावं आणि घड्याळांच्या किमती आठवतात. आठवू नयेत असं ठरवलं तरी आठवतात, इतक्या वेळा त्या माझ्यापुढे आल्या.

यावर पहिलं उत्तर येतं ते असं: लोकांना जे हवं तेच वाहिन्या आणि पोर्टलं देतात. हे अर्धंच खरं आहे. 2006 मध्ये मुंबईत एका फॅशन वीकसाठी 512 पत्रकारांनी नोंदणी केली होती, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी वारंवार सांगितलं आहे. मॉडेलच्या अंगावर सुती कपडे होते आणि तो कापूस पिकवणारे शेतकरी त्याच दिवसांत विमानाने तासाभराच्या अंतरावर, विदर्भात, आत्महत्या करत होते. तिकडे मुंबई-दिल्लीहून गेलेले बातमीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ते 512 जण वाचकांनी मत देऊन पाठवलेले नव्हते. कुणीतरी खर्च कुठे करायचा ते ठरवलं होतं. जे कधी ताटात वाढलंच नाही, ते लोकांना आवडत नाही असं कसं म्हणावं?

पण उरलेलं अर्धं आपलं आहे, आणि 2020 साल त्याची साक्ष देईल. 14 जूनला सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू झाला. पुढचे काही महिने देशाने दुसरं काही पाहिलं असेल असं वाटत नाही. साथीत माणसं मरत होती, चालत गावी गेलेले मजूर रिकाम्या हातांनी घरी बसले होते, आसाम आणि बिहारमध्ये पुराने लाखो लोकांना बेघर केलं होतं. आम्ही संध्याकाळी पडद्यावर एका तरुणीची गाडी अडवून तिच्या काचेवर आपटणारे माइक पाहत होतो. मीही पाहत होते. 18 जानेवारी 2021 ला मुंबई उच्च न्यायालयाने अशा वार्तांकनावर, अशा परस्पर चालवलेल्या खटल्यांवर कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. मार्च 2025 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. म्हणजे आपण पूरग्रस्तांकडचं लक्ष काढून ज्या कुटुंबावर ओतलं, त्यांचंही आपण काही भलं केलं नाही. एका घराचा शोक आणि दुसऱ्या घराची अब्रू, दोन्ही आपण पायदळी तुडवली. आणि हा सगळा काळ आपल्याला वाटत होतं की आपण न्यायासाठी तळमळतोय. ती तळमळ खोटी नव्हती. म्हणूनच ती वाया गेल्याचं मला जास्त वाईट वाटतं.

त्या चिकाटीचा दहावा हिस्सा आमच्या हरणी तलावाच्या वाट्याला यायला हवा होता. 18 जानेवारी 2024 ला शाळेच्या सहलीला आलेली मुलं बोटीत बसली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं, जीवरक्षक जाकिटं सगळ्यांना नव्हती. 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडून गेल्या. दोन दिवस देश हळहळला. त्यानंतरची गोष्ट पाहा: गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तलावाचं कंत्राट ज्या रीतीने दिलं गेलं त्यावर ताशेरे ओढले, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या जबाबदारीचा प्रश्न उपस्थित केला. ही गोष्ट कोणत्याही घटस्फोटापेक्षा गुंतागुंतीची आणि आपल्या मुलांच्या जिवाशी थेट संबंध असलेली आहे. माझ्या ओळखीत बडोद्याबाहेरच्या एकाही माणसाला ती माहीत नाही. बडोद्यातल्याही मोजक्यांनाच.

आणि गंभीरा पूल. 9 जुलै 2025 ला सकाळी पादऱ्याजवळ महीसागर नदीवरचा, 1985 मध्ये सुरू झालेला पूल मध्येच कोसळला, वाहनं नदीत गेली, 20 हून अधिक माणसं मेली. तुटलेल्या टोकावर एक टँकर लटकून राहिला होता. तो उतरवायला जवळपास महिना लागला आणि त्या महिनाभर सर्वांत जास्त फिरलं ते त्या टँकरचं चित्र. पुलाची स्थिती बरी नाही अशा तक्रारी गावकऱ्यांकडून आधीच झालेल्या होत्या. आता सांगा, "पूल हलतो" ही बातमी किती जणांनी वाचली असती? मी वाचली असती का? या प्रश्नापाशी मी अडखळते. आपत्ती घडल्यावर हळहळणं सोपं आहे, कारण तेव्हा ती आपल्याला शोधत येते. ती घडण्याआधीची बातमी आपल्याला शोधावी लागते. ती कंटाळवाणी असते, तिच्यात निविदा, लोखंडाचा गंज आणि कार्यकारी अभियंता असतात.

अमर्त्य सेन यांनी फार पूर्वी दाखवून दिलं की वृत्तपत्रं स्वतंत्र आहेत आणि सरकारला निवडणुकीला सामोरं जावं लागतं अशा देशात मोठा दुष्काळबळी होत नाही. 1943 मध्ये बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत असताना सरकार गप्प होतं. 22 ऑगस्टला कलकत्त्याच्या स्टेट्समनने उपाशी माणसांची छायाचित्रं छापली तेव्हा जगाला कळलं. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन जगली, पण बंगालसारखी मेली नाहीत, कारण आरडाओरडा झाला आणि सरकारला कामं काढावी लागली. मात्र सेन यांनीच पुढे म्हटलं आहे की भडकलेल्या दुष्काळावर जागी होणारी हीच वृत्तपत्रं रोजच्या, शांत कुपोषणावर गप्प राहतात. म्हणजे स्वातंत्र्य असून पुरत नाही. कुणीतरी ते वाचायला, त्याच्या मागे लागायला बसलेलं असावं लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी पुन्हा मृतदेहच पाहायचे का? आणि पाहून करणार काय? झमझममधल्या मुलाला मी कारेलीबागेतून दूध पाजू शकत नाही. हा असहायपणा खरा आहे. मोठ्या आकड्यांपुढे मन बधिर होतं हेही खरं. एका मुलासाठी तुटणारं काळीज लाखांचा आकडा ऐकून थंड पडतं. म्हणूनच मी कुणाला सगळ्या जगाचं दुःख डोक्यावर घ्यायला सांगत नाही. एक घ्या. हरणी घ्या, किंवा सुदान घ्या, किंवा तुमच्या गावचा हलणारा पूल. आणि ते एक सोडू नका. ज्या माणसाला एखाद्या नटीच्या चार वर्षांपूर्वीच्या मुलाखतीतलं वाक्य आठवतं, त्याला एका खटल्याच्या तारखा लक्षात ठेवणं अशक्य नाही. कुतूहल वापरायची सवय आपल्याला आहेच.

प्रसिद्ध माणसं आपत्तीकडे लक्ष वेधतात, हे मला मान्य आहे. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 2015 मध्ये नाम फाउंडेशन उभं केलं तेव्हा मराठवाड्या-विदर्भातल्या शेतकऱ्याच्या विधवेच्या घरापर्यंत पैसे पोहोचले. बडोद्यातूनही गेले. इथिओपियाच्या दुष्काळासाठी 1985 मध्ये जगातले मोठे गायक गायले. पण त्याच्या आधी, 23 ऑक्टोबर 1984 ला, बीबीसीचे मायकल ब्युर्क आणि कॅमेरामन मोहम्मद अमीन यांनी कोरेमहून पाठवलेली ती काही मिनिटांची बातमी होती. आधी बातमीदार तिथे गेला, मग गायक. हा क्रम उलटा करून चालत नाही. एखादा नट येईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर जिथे नट जाणार नाही तिथली माणसं आपल्यासाठी नसल्यातच जमा.

बडोद्यात राहून हे लिहिताना छप्पनियाची आठवण टाळता येत नाही. विक्रम संवत 1956, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ. 1891 च्या जनगणनेत 24 लाखांवर असलेली बडोदे राज्याची लोकसंख्या 1901 मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली, दुष्काळ आणि त्याच्या आगेमागे आलेल्या रोगराईने. सयाजीराव महाराज दुष्काळी भागात स्वतः फिरले, जे पाहिलं त्याची टिपणं लिहिली आणि ती 1901 मध्ये छापली. राजाला जे दिसलं ते कागदावर यावं आणि लोकांनी वाचावं, याला त्यांनी महत्त्व दिलं. 1906 मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि 1910 मध्ये बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून गावोगाव ग्रंथालयं आणि वाचनालयं काढली. दूरच्या खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या जात. माझे पणजोबा पेटलादकडे शिक्षक होते. संध्याकाळी चावडीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणं हा ते आपल्या कामाचाच भाग मानत, असं आजी सांगे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते रोज येऊन आधी विचारत, "मास्तर, कालच्याचं पुढे काय झालं?"

पुराचं पाणी ओसरलं तेव्हा आमच्या जिन्याच्या भिंतीवर एक मातकट रेघ राहिली. गणपती दहा दिवसांवर आले होते. सोसायटीत सगळ्यांनी मिळून सजावटीचे पैसे धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या वाहून गेलेल्या घरांसाठी दिले, आणि भिंत रंगवताना ती रेघ तेवढी पुसू नका, असं मी रंगाऱ्याला सांगितलं. मावशीला मगरीचा व्हिडिओ पाठवला नाही. रेघेचा फोटो पाठवला, शेजारी माझी मुलगी उभी. मुलीच्या डोक्याच्या वर चार बोटं रेघ होती. मावशीचा लगेच फोन आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती आजव्याबद्दल, नदीबद्दल, काठावरच्या बांधकामांबद्दल विचारत राहिली. त्यानंतर मी तिला अधूनमधून कळवत गेले. 2025 च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं काम सुरू झालं तेही कळवलं.

जूनमध्ये तिनेच फोन केला. "पाऊस लागला का गं तुमच्याकडे? आणि ते नदी खोदायचं काम झालं का पुरं?"

आमच्या बाजूचं झालंय, मी म्हटलं, पण काढलेली माती कुठे टाकली ते बघायला जायचंय.

"बघून आलीस की सांग," ती म्हणाली.